गोठ्यातली मस्टँग

कोल्हापूरच्या शनिवार पेठेत आकारामआण्णा गवळ्यांच्या गोठ्यात म्हशींच्या रांगेला एक मस्टँगही उभी होती. म्हशींना सरकी, पेंड आणि आण्णांचं प्रेम मिळायचं. मस्टँगच्या वाट्याला फक्त शिव्या.

ही जुनी अमेरिकन गाडी आण्णांचे दोस्त, शिरोळचे जयपालकाका, यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. महापुरात ती टपापर्यंत बुडाली आणि पुढं तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. आण्णांची लेक तेजस्वी कारखान्यांच्या उद्यमनगरात इंजिनं बांधायची. तिनं नुसतं "काका, मला द्या की" म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी उसाच्या ट्रॉलीतून गाडी दारात. कोंबड्यांसकट!

"घोड्याचं चित्र लावलं म्हंजे घोडं हुतंय व्हय?" आण्णा म्हणाले. "डबडं हाय ते. दोन म्हशींची जागा खाऊन बसलंय."

दिवाळी जवळ आली तसं त्यांनी बजावूनच टाकलं, "तेजे, पाडव्याला आपल्या ताकदीवर भाईर पडली तर ऱ्हाईल. न्हायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

आण्णांनी एकदा सांगितलं की सांगितलं. सिलिंडरमधला कृष्णेचा गाळ तेजस्वीनं स्वतःच्या हातानं उपसला होता. मिळत नव्हते ते भाग उद्यमनगरात ओतून घेतले होते. कुजलेलं कापडी छप्पर काढून टाकलं होतं. राहिला होता सायलेन्सर. जुना गंजून गळून पडलेला, आणि नवा करणारा कारागीर ऐन वेळी दिवाळीला गावी निघून गेलेला.

आण्णांच्या चिडचिडीला आणखी एक कारण होतं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं, आणि त्या आवाजाला सरावलेली म्हैस मागं. आण्णांची मोना यात सगळ्या पेठेला भारी होती. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आण्णांची मोटारसायकल सुटली. दुसऱ्या कुणामागं मोनाला सोडायला ते तयार नव्हते. तरी यंदाही पाडव्याच्या सकाळी त्यांनी तिची शिंगं रंगवली, मोरपिसांचा तुरा बांधला, कवड्यांची माळ घातली आणि तिला परत खुंट्याला बांधून ते कट्ट्यावर पेपर वाचत बसले. वाचत कसले, तोंड लपवत.

दुपारी तेजस्वीनं देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. गाडी खोकली, गप्प झाली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा आठही सिलिंडर एकदम बोलले आणि गोठ्यातल्या घागरी थरथरल्या. तेजस्वी आनंदानं किंचाळली, पण तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. तिनं गियर टाकला.

आता नटवलेल्या म्हशीशेजारी, पाडव्याच्या दिवशी, बिनसायलेन्सरचं इंजिन सुरू करू नये, एवढं तरी गवळ्याच्या पोरीला कळायला हवं होतं! मोनाला वाटलं, आपल्यालाच हाक आली. खुंटा उपटून, दावं फरफटत ती गाडीमागं निघाली. आरशात दोन रंगीत शिंगं बघून तेजस्वीनं घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. मोनाला तेच हवं होतं. शेपूट वर करून ती सुसाट सुटली.

"थांब गं!" आण्णा काठी विसरून उठले.

तेजस्वीनं करकचून ब्रेक लावला. मोनाही थांबली आणि डिकीवर तोंड टेकून फुसफुसू लागली. आण्णा लंगडत आले. आता भंगार नक्की, तेजस्वीनं मनाशी म्हटलं. आण्णांनी मोनाकडं पाहिलं. तिचे कान टवकारलेले होते, पाय थरथरत होते, तिला अजून पळायचं होतं. ते गाडीचं दार उघडून आत बसले.

"बगतीस काय? घे रोडवर! मोना, चल गं बाई!"

गाडीचं स्टिअरिंग डावीकडं, त्यामुळं उजवीकडं बसलेले आण्णाच गाडी हाकतायत असं सगळ्या पेठेला वाटलं.

"आण्णा, ड्रायव्हिंग कवा शिकला ओ?" आपल्या म्हशीपुढं मोटारसायकल पळवणारे गणपतराव ओरडले.

आण्णांनी ऐटीत हात हलवला, खुलासा मुळीच केला नाही. तेवढ्यात गणपतरावांची म्हैस त्यांच्या मोटारसायकलला सोडून मस्टँगमागं लागली. मग आणखी दोघी. चौकात शिट्ट्यांचा नुसता पाऊस. आण्णा उलटे वळून, सीटवर गुडघा टेकून, "हुर्रर्र, मोना!" ओरडत होते. तोच ऑपरेशनचा गुडघा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तेजस्वीला हसू आवरत नव्हतं. इतकी सुखी ती कधीच नव्हती.

घरी परतल्यावर तेजस्वीची आई, चिमणाबाई, ताट घेऊन दारात उभी होती. तिनं मोनाला ओवाळलं आणि ती आत वळली.

"कुठं निघालीस?" आण्णा म्हणाले. "हिला कोण ओवाळणार?"

"गाडीला? अहो, आज जित्राबाला ओवाळत्यात."

"मग? ही बी आपल्या गोठ्यातलीच हाय की!"

चिमणाबाईंनी गाडीच्या पुढच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं आणि निरांजन फिरवलं. तेजस्वीला रडू फुटलं. आण्णा गोठ्यात शिरले आणि मस्टँगला ऐसपैस जागा व्हावी म्हणून शेजारचा खुंटा उपटायला लागले.