चिरुटाच्या पेटीची गिटार आणि कोनाड्यातली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी चिरुटाची पेटी आहे. तुम्ही माझी कहाणी ऐकायला जमलात याचा मला आनंद आहे. पण तुमच्यापैकी कोण माझी पितळी कडी काढून न्यायला आला आहे, याचाही मी मनातल्या मनात अंदाज घेते आहे. राग मानू नका. माझा स्वभावच संशयी आहे आणि तो मला लहानपणीच जडला.

निजामाच्या राज्यात मी एका अंमलदारसाहेबांच्या मेजावर असे. नोकर चिरूट चोरतात, अशी साहेबांची खात्री होती. म्हणून बाहेर जाताना ते माझ्या झाकणाच्या फटीत स्वतःच्या मिशीचा एक केस अडकवून ठेवत. परत आले की आधी केस बघत आणि मग टोपी काढत. अशा घरात वाढल्यावर माणसांवर विश्वास ठेवायला मी कुठून शिकणार? पुढे राज्य गेले, साहेबही गेले. मी या हातातून त्या हातात फिरत जालन्याच्या बाजारात एका भंगारवाल्याच्या गोणपाटावर येऊन पडले. तिथे माझ्या पोटात गंजके खिळे भरलेले असत. मला त्या खिळ्यांचाही भरवसा वाटत नसे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या आसपास तिथे मला रामकिसनने उचलले. तो तीर्थपुरीचा. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी वाहायचा आणि संध्याकाळी बौद्धवाड्यातल्या तातेरावांच्या गायन पार्टीत मागे बसून कोरस धरायचा. तंबूतल्या सिनेमात त्याने एकदा गिटार पाहिली आणि तेव्हापासून तिने त्याला झपाटले होते. दुकानातली गिटार घ्यायची तर त्याला बैल विकावा लागला असता आणि बैल तर त्याच्याकडे नव्हताच. म्हणून त्याने ती स्वतःच करायचे ठरवले. माझ्यातले खिळे ओतून त्याने माझ्या झाकणावर बोटाने टकटक केले.

"काय ठुवायचंय इच्यात?" भंगारवाल्याने डोळे बारीक करून विचारले.

"आवाज," रामकिसन म्हणाला.

भंगारवाला हसला. मी मात्र हसले नाही. असे बोलणारी माणसे सरळ नसतात, असे मला वाटले.

घरी गेल्यावर माझ्याकडे एकेक सोबती येऊ लागला. पहिल्यांदा आली एक लांब सागवानी पट्टी. ती माझी मान होणार होती. ही कुणाच्या तरी खाटेची उचललेली दिसते, असे मी मनाशी म्हटले. ती रामकिसनच्या मेलेल्या बापाच्या मोडक्या बाजेची निघाली. मग आल्या तारा. शेजारी फकरोद्दीनचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. ब्रेकची जुनी वायर उलगडली की आतून बारीक पोलादी तारा निघतात, हे त्यानेच रामकिसनला दाखवले आणि वर वायर फुकट दिली. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. फुकट कोण कशाला देईल? पण फकरोद्दीनच्या मनात काहीच नव्हते. मानेवर सूर धरायच्या आडव्या पडद्यांसाठी त्याने सायकलच्या चाकातल्या वाकड्या तारा तोडून दिल्या. जाड आवाजाच्या तारेवर गुंडाळायला विहिरीवरच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार मिळाली. तारा टेकवायची घोडी एका मोडक्या शिंगाच्या फणीतून कापली. प्रत्येकाची मी कसून चौकशी केली आणि प्रत्येक जण सरळ मार्गाने आलेला निघाला. मला तर चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले.

एवढे करूनही माझा आवाज बसका होता. तार छेडली की नुसते 'ठप' व्हायचे. चौदा एप्रिलची जयंती जवळ येत चालली होती. तातेरावांनी सांगून ठेवले होते, "वाजली तर म्होरं बसशील, न्हाई वाजली तर हाईस तिथंच बस."

अशात एके दिवशी दुपारी रामकिसन एक काशाची वाटी घेऊन आला. तिच्यातली शेवटची बोरे त्याने तोंडात टाकली, धोतराने वाटी पुसली आणि बोटाने टिचकी मारली. वाटी गोड वाजली आणि बराच वेळ वाजतच राहिली. त्याचे डोळे चमकले. त्याने लाख तापवली आणि वाटीचा तळ माझ्या झाकणाला आतून, बरोबर घोडीखाली चिकटवला. वाटीचे तोंड माझ्या पोटात मोकळे राहिले. मग त्याने तार छेडली. मित्रांनो, काय सांगू! तार थांबल्यावरही माझ्या आत वाटी गुणगुणत होती.

त्या वाटीला मी एकही प्रश्न विचारला नाही. घरातलीच वाटी, तिची काय चौकशी करायची? जगावर संशय घेणारी मी नेमकी तिथेच गाफील राहिले.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आले. फकरोद्दीनची बायको शहाजादी आणि रामकिसनची बायको गिरिजाबाई अंगणात उभ्या होत्या. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या गल्लीत आलेल्या. एकीच्या घरची आमटी वाटीतून दुसरीकडे जायची आणि वाटी काहीतरी घेऊनच परत यायची. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, एवढा नियम दोघी पाळत.

"माझ्या मायची वाटी हाय ती, शहाजादी. आमटी देऊन चार दिस झाले."

"म्या खुद तुझ्या दारातल्या कोनाड्यात ठुली, गिरजा. बोरं भरून. तुला हाका मारल्या, तू पाण्याला गेल्ती."

"कोनाडा तर रिकामा व्हता."

"मंग काय वाटीला पाय फुटले?"

गिरिजाबाईंचे लक्ष शहाजादीच्या हातातल्या नव्या स्टीलच्या गिलासाकडे गेले. त्या वर्षांत गल्लोगल्ली भांडेवाल्या फिरायच्या. जुनी काशा-पितळेची भांडी घ्यायच्या आणि बदल्यात चकचकीत स्टील द्यायच्या.

"ह्यो गिलास कशावर घेतला?"

"जुन्या लुगड्यांवर." शहाजादीचा चेहरा उतरला. "तू मला ह्ये इचारून राह्यली, गिरजा?"

माझ्या पोटात वाटी होती आणि वाटीला अजून बोरांचा वास होता. मला सगळे समजले. पण मी ओरडून सांगणार कशी? मला तारा होत्या, जीभ नव्हती.

रामकिसन उंबऱ्यात उभा राहून सगळे ऐकत होता. त्याने वाटी चोरली नव्हती. घरच्या कोनाड्यातून घरची वाटी घेतली होती आणि बायकोला नवी आणून देऊ असे मनाशी म्हटले होते. तेव्हाच बोलला असता तर दोन शिव्या खाऊन सुटला असता. पण वाटी काढली की माझा आवाज जाणार आणि पुढची जागाही जाणार. तो आत आला आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "जयंती हू दे. मंग सांगतो."

एकदा संशय घरात शिरला की तो एका घरात थोडाच बसतो? गल्लीतल्या बायका शहाजादी आली की भांडी आत घेऊ लागल्या. पोरे तिच्यामागे वाटी वाजवल्याचा आवाज काढू लागली. ती पाण्याला सगळ्यांच्या मागून, एकटी जाऊ लागली. एकदा माझी तार तुटली म्हणून रामकिसन फकरोद्दीनच्या दुकानात गेला. फकरोद्दीनने वायरचा तुकडा त्याच्यापुढे टाकला.

"घे. पण माझ्या ओट्यावर बसू नको."

रामकिसन वायर घेऊन मान खाली घालून आला. त्या दिवशी त्याने मला हात लावला नाही.

जयंतीचा दिवस उजाडला. संध्याकाळी निळ्या झेंड्याखाली पार्टी बसली आणि रामकिसन पहिल्या रांगेत मला घेऊन बसला. दर वर्षी शहाजादी गिरिजाबाईंच्या मांडीला मांडी लावून गाणी ऐकायची. या वर्षी ती सगळ्यांच्या मागे फकरोद्दीनजवळ उभी होती. गाणे सुरू झाले. मी वाजले आणि लोक माना डोलावू लागले. तातेरावांनीसुद्धा माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण गिरिजाबाई डोलत नव्हत्या. त्या कान देऊन ऐकत होत्या.

लहानपणी त्या रडू लागल्या की त्यांची आई हीच वाटी बोटाने वाजवून त्यांना गप्प करायची. तो आवाज त्या कशा विसरतील? गाणे चालू असतानाच त्या उठल्या आणि सरळ पुढे आल्या.

"बाई, खाली बसा," तातेराव म्हणाले.

गिरिजाबाईंनी ऐकले नाही. माझ्या झाकणावर बोटाने टिचकी मारली. वाटी वाजली.

"आवं, इच्यात काय घातलं तुम्ही?"

गाणे थांबले. रामकिसनला 'काही नाही' म्हणता आले असते. तारा सैल केल्याशिवाय माझे झाकण उघडत नाही आणि भर कार्यक्रमात त्या सैल करायला कुणी लावले नसते. मी त्याच्याकडे अंमलदारसाहेबांच्या नजरेने पाहत होते. हा आता खोटे बोलणार, अशी माझी खात्रीच होती. त्याने मागे उभ्या असलेल्या शहाजादीकडे पाहिले. मग एकेक खुंटी पिळून सगळ्या तारा सैल केल्या आणि माझे झाकण उघडले.

"शहाजादीनं वाटी कोनाड्यातच ठुली व्हती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "म्या उचलली. ती बिचारी खरं बोलत व्हती आन् म्या गप बसलो."

शहाजादीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंनी तापल्या सुरीने लाख सोडवली. वाटी राखेने लख्ख घासली, तिच्यात खीर भरली आणि शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शहाजादीने वाटी घेतली आणि दार लावून घेतले. आता वाटी रिकामी परत येते की भरून, एवढाच प्रश्न होता. रिकामी आली असती तर सगळे संपले असते. गिरिजाबाई रोज कोनाड्याकडे बघायच्या. कोनाड्यात काही नसायचे.

मग एका सकाळी पाण्यावर सगळ्या बायका जमलेल्या असताना शहाजादी आली. तिच्या हातात तीच वाटी होती आणि वाटीत त्या वेळेसारखीच बोरे होती, आता वाळलेली.

"हात म्होरं कर, गिरजा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "बघून घे, बराबर हाय का. कोनाड्यात न्हाई ठुवणार म्या आता."

गिरिजाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि शहाजादीच्याही.

फकरोद्दीनच्या ओट्यावर रामकिसन पुन्हा बसू लागला. मी मात्र पुन्हा 'ठप' वाजू लागले आणि माझा धनी कोरसात मागे गेला. त्याने आत अॅल्युमिनियमचे झाकण लावून पाहिले, पत्रा लावून पाहिला, पण वाटीची सर कशाला येणार? काही वर्षे तो मला हौसेने वाजवत राहिला. आता मी माळ्यावर आहे. तारा गंजल्या आहेत, एक खुंटी उंदरांनी नेली आहे आणि झाकणाला आतून लाखेचा गोल डाग आहे.

मित्रांनो, घरात अशी एखादी जुनी वस्तू पडली असेल तर तिला अधूनमधून पुसा, तिच्या कडीला तेलाचा थेंब द्या. आणि काही हरवले तर शेजाऱ्याच्या हाताकडे बघण्याआधी आपल्याच घरातल्या सगळ्यांना विचारा. गप्प उभा असेल त्याला तर आधी विचारा. हे मी सांगते आहे, जिने आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला.

माळ्यावरून मला दारातला कोनाडा दिसतो. वाटी आजही दोन्ही घरांत ये-जा करते आणि शहाजादी ती दर वेळी गिरिजाबाईंच्या हातातच देते. त्या घरी नसल्या तर परत घेऊन जाते. गिरिजाबाई त्या कोनाड्यात दुसरे काहीच ठेवत नाहीत. रोज सकाळी तो पुसतात आणि मोकळा ठेवतात.