जहाजाकडून परतताना

सासूबाईंचा हट्ट म्हणजे हट्ट. मोडक्या जहाजापाशी एकदा जायचं म्हणजे जायचं. धाकटे भावोजी त्यावर खलाशी होते. कैक वर्षांपूर्वी वादळात ते जहाज इथं, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळात येऊन फुटलं आणि भावोजी काही सापडले नाहीत. मी परोपरीनं सांगितलं, आई, तुमचे गुडघे धड नाहीत, तिथं भरती पाठीमागून येऊन वाट बुडवते, गाळात थांबलेला माणूस रुततो. ऐकतील तर शपथ! नवऱ्यानं हात वर केले, मग मलाच जावं लागलं.

वाटाड्या पुढं, मधे सासूबाई, मागं मी. धुकं केव्हाही उतरतं, म्हणून त्याची रीत ठरलेली. त्यानं मागं न बघता हाक द्यायची, आपण ओळीनं "आहे" म्हणायचं आणि चालत राहायचं.

जहाजाचा नुसता गंजका सांगाडा उरला होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा सासूबाईंनी पत्र्यावर हात ठेवला. वाटाड्यानं घाई केली तसे निघालो.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. वाटाड्यानं हाक दिली. सासूबाई म्हणाल्या, आहे. मी म्हटलं, आहे. आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, आहे.

आवाज भावोजींचाच, अगदी चहा मागतानाचा. वाटाड्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सासूबाई मात्र थबकल्या. पाणी घोट्याला लागलं होतं, पाय रुतायला लागले होते. दंड धरून ओढलं, तर म्हणतात, पोर मागं राहिलंय, त्याला येऊ दे. पुन्हा हाक, पुन्हा मागून तोच आवाज. मला ढकलून त्या तिकडं निघाल्या.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मागं वळून मी खेकसले, "भावोजी, तुमच्यापायी आई बुडतील. एक शब्द बोलू नका आता."

वाटाड्यानं परत हाक दिली. मी आहे म्हटलं. मागं नुसतं पाणी वाजत होतं. सासूबाई कान देऊन उभ्या राहिल्या, मग रडत रडत त्यांनी पाय उपसले आणि माझा हात धरला.

काठाला लागलो. दगडावर बसवून मी त्यांच्या पायांचा गाळ धुवायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "समुद्रावर जाऊ नकोस म्हणून हातापाया पडले होते मी त्याच्या. माझं नाही ऐकलं. तुझं ऐकलं."