रूबार्ब केकचा शेवटचा तुकडा

आईला मूठमाती देऊन आलो आणि सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले. हॅम घातलेले पाव, बटाट्याचं सॅलड, आणि मधोमध आईनं जायच्या आठवडाभर आधी करून फ्रीझरात ठेवलेला, रूबार्बच्या आंबट देठांचा केक. आणि माझी धाकटी बहीण ब्रिटा काय घेऊन बसली? स्वतःचा डबा! उकडलेला कोबी आणि मोजून अकरा बदाम.

"अगं, आज तरी?" मी दातओठ खात म्हटलं.

"मैद्यानं आतड्यांना सूज येते, मार्लिस."

"चुलीत घाल तुझी ती आतडी!"

दोन वर्षं हेच चाललं होतं. आधी साखर गेली, मग गहू, मग दूध, मग टोमॅटो. टोमॅटोनं हिचं काय घोडं मारलं होतं? हातांच्या काड्या झाल्या, केस मूठमूठ गळायला लागले, आणि वर शहाणपण आम्हालाच शिकवायची. आई म्हणायची, "ओरडू नकोस तिला, काहीतरी बिनसलंय." मी म्हणायचे, "नुसती थेरं आहेत!"

आमच्या मिनेसोटात शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही, हावरट दिसतं. जो येतो तो अर्धा कापून घेतो आणि अर्धा ठेवतो. केकचंही तेच झालं. बघते तर काय, ब्रिटा उठली, अर्धा कापला, कागदी रुमालात घेतला आणि कोट टांगले होते तिकडे गेली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. माझा जीव भांड्यात पडला. खाल्लं बाई एकदाचं!

निघताना तिचा कोट उचलला तर खिसा फुगलेला. आत रुमालाच्या दोन पुरचुंड्या, तुकडे जसेच्या तसे. माझं डोकंच फिरलं. तिला फैलावर घ्यायला तरातरा स्वयंपाकघरात गेले. ती उरलेल्या नखाएवढ्या तुकड्यासमोर सुरी धरून उभी होती.

"भूक लागलीय मला," ती म्हणाली. "दोन वर्षं लागलीय. पण घास तोंडात जातच नाही गं. वाटलं, आईच्या हातचा आहे, हा तरी जाईल."

मी तिच्या हातातली सुरी घेतली. तुकडा अर्धा केला आणि माझा भाग खाल्ला. तिनं तिचा बोटावर घेतला, बराच वेळ बघितला.

"यात साखर किती असेल?" तिचे डोळे भरून आले होते.

मला राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली.

"डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं. "आजच. मी येते बरोबर."

वाटलं, आता वाद घालणार. तिनं तो कण हळूच ताटलीत ठेवला.

"माझा कोट दे," ती म्हणाली. "आणि खिशातलं टाकू नकोस."