टेक्स्ट रेकॉर्डची दुसरी ओळ

"जुन्याच ओळीत नवं नाव घाला, दादा. वेगळी ओळ नका टाकू," काउंटरवाली म्हणाली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अठरा वर्षं या लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळतोय. लॅबचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आमचं नाव, मीच घेतलं. त्याचा पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडे नाही. आणि ही बाई! कालपरवापर्यंत रक्ताच्या नळ्यांना स्टिकर लावत होती. कुठलासा क्लास काय केला, लगेच आली मला शहाणपण शिकवायला.

झालं होतं असं. रिपोर्ट आपोआप मेल करणारं नवं सॉफ्टवेअर सोमवारी सुरू केलं, आणि सगळे रिपोर्ट पेशंटच्या स्पॅममध्ये जाऊन पडायला लागले. डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मी सर्व्हर, ऑथेंटिकेशन असलं काहीबाही सांगत सुटलो. मॅडमच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. मग ही बोलली.

"मॅडम, वॉचमनकडे यादी असते ना, कोणाला आत सोडायचं? तसंच हे. आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं, ती यादी डोमेनच्या टेक्स्ट रेकॉर्डमध्ये असते. नव्या सॉफ्टवेअरचं नाव त्यात नाहीये, म्हणून समोरचा संशय घेतो."

"अगं, एवढंच होय!" मॅडम खळखळून हसल्या. अठरा वर्षांत माझ्या एकाही बोलण्यावर त्या अशा हसल्या नव्हत्या. मी जळलो. खोटं कशाला बोलू?

घरी बायकोला सांगितलं होतं हिच्या क्लासबद्दल, तर ती म्हणे, "शिकेना का! तुमच्या पोटात का दुखतंय?"

मी डोमेनच्या सेटिंगचं पॅनेल उघडलं. टेक्स्ट रेकॉर्डमधली ती ओळ अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिलेली. तिला हात लावायचा, तोही हिच्या सांगण्यावरून? छट्! खाली नव्या सॉफ्टवेअरची सरळ दुसरी ओळ टाकली, सेव्ह केलं आणि ऐटीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुसती बोंबाबोंब. रिपोर्ट तर स्पॅममध्ये होतेच, आता मॅडमचे रोजचे मेलही तिकडेच जायला लागले. एका बाईच्या आईचं ऑपरेशन रिपोर्टसाठी अडलं होतं. सर्जनना मेल दिसलाच नव्हता. ती बाई काउंटरवर येऊन रडायला लागली. काउंटरवालीने तिला बसवलं, सर्जनना फोन लावून आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टशी जोडून दिला, रिपोर्ट छापून तिच्या हातात ठेवला. मग माझ्या टेबलाशी आली.

"मी नेटवरून तपासलं, दोन ओळी दिसतायत," ती हळूच म्हणाली. "दोन याद्या असल्या की समोरचा एकही मानत नाही."

"माहितीये मला," मी म्हणालो. कसलं माहीत!

"पहिल्या ओळीत शेवटच्या शब्दाच्या आधी नाव घाला. मग खालची पुसा."

तिने सांगितलं तसं मी टाइप केलं. तिने एक टोमणा मारला असता तरी मला बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत मेल सुरळीत जायला लागले. मॅडम बाहेर आल्या.

"सकाळी काय झालं होतं हो?"

मी उगाच स्क्रीनवरची ती ओळ पुन्हा वाचायला लागलो.

"सेटिंग लागू व्हायला वेळ लागतो, मॅडम," काउंटरवालीच बोलली. "दादांनी केलंय आता नीट."

"वाटलंच मला. तुम्ही आहात म्हणून निभावतंय सगळं," मॅडम मला म्हणाल्या.

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"कामच आहे आपलं," मी म्हणालो.

काउंटरवालीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "बसा काका, तुमचा नंबर आलाच," ती रांगेतल्या म्हाताऱ्याला सांगत होती. शाबासकी माझ्या पदरात पडली होती, आणि तरी हेवा मला तिचाच वाटत होता.