अंगठाभर जागा

मुलांच्या बुटांचं दुकान चालवायचं म्हणजे गिऱ्हाईक हाताखाली वाढवायचं आणि ते ऐटीत चालायला लागलं की समोरच्या दुकानवाल्यांच्या स्वाधीन करायचं. आमच्या रस्त्यावर हे ठरूनच गेलं आहे. पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळापासून पाच नंबरपर्यंतचे पाय माझे, सहापासून पुढचे समोरच्यांचे. त्यांच्याकडे ऑफिसात घालायचे चकचकीत बूट, कामगारांचे जाड तळाचे बूट आणि भिंतीवर टांगलेली एक भलीमोठी, आरसा बसवलेली जाहिरात. कागदावर कधी काही लिहिलं नाही, पण इतक्या वर्षांत त्यांनी पाच ठेवला नाही आणि मी सहा ठेवला नाही.

नुसता हिशोब मांडला तर हा धंदा आतबट्ट्याचाच. जुनी गिऱ्हाइकं दर वर्षी रस्ता ओलांडतात आणि नवी कडेवर बसून येतात. आया हळव्या होतात. "मागच्या वर्षीपर्यंत एवढासा पाय होता हो," म्हणत पर्समध्ये रुमाल शोधतात. मी त्यांना पाणी देते आणि सांगते, "अहो ताई, पाय वाढला म्हणजे काही बिघडलं नाही. जाऊ दे त्याला पलीकडे. समोरचे काका चांगले आहेत, फक्त बोलतात फार." असा धीर देण्यात माझा हात कोणी धरणार नाही. धीर द्यायला गोदाम लागत नाही.

पाय मोजता मोजता माणसंही मोजून होतात. बाप बूट हातात घेऊन आधी तळ उलटतो, कारण किमतीची चिठ्ठी तिथे असते. आई टोक दाबते. आणि मूल खोटं बोलतं. टाचेत लाल दिवे लागणारा बूट असला की तो चावत असला तरी चावत नाही. म्हणून मी मुलांना काही विचारतच नाही. पाय पट्टीवर ठेवते, सरकती फळी बोटांना टेकवते, बूट चढवते आणि टोकाशी अंगठा दाबते. अंगठाभर जागा हवी. वाढतं माप. या अंगठ्यावर रस्त्यातल्या दोन पिढ्यांचा विश्वास आहे आणि माझाही आहे.

घरात मी पायांचं बघते आणि नवरा दातांचं. तो दवाखान्यांना कवळ्या बनवून देतो. मधलं सगळं मुलांनी आपापलं बघावं, अशी आमची वाटणी आहे आणि मुलांनी ते बरंच बरं बघितलं आहे. धाकटा शाळेत आहे आणि जीभ सोडली तर त्याचं कुठलंच अंग अजून पुरतं कामाला लागलेलं नाही. थोरली वीस वर्षांची, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल इतकी उंच. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी झाली, धावणं झालं, वजन ओढत नेणंही झालं. राहिली होती शिडी. ठरलेल्या वेळात मनोऱ्यावर चढायचं, वरच्या कठड्याला हात लावायचा आणि उतरायचं. शनिवारी शेवटची चाचणी होती आणि घसरलं की नाव कटणार होतं.

मंगळवारी ती सरावाहून आली आणि जेवायच्या टेबलाशी बसून कोपराला मलम लावायला लागली.

"परत?" मी विचारलं.

"परत."

"बंबताई शिडीवरून नाही, घसरगुंडीवरून चढते," धाकटा म्हणाला. दलात जायचं ठरल्यापासून तो तिला बंबताई म्हणतो.

"तू पाण्याचा ग्लास तरी न सांडता आण," थोरली म्हणाली, "मग माझ्या शिडीवर बोल."

नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. कवळीत खोट शोधताना तो असाच बघतो. "हात सुटतो की पाय?"

"टाच, बाबा. पाय वर जातो आणि बूट मागे राहतो."

"नाडी घट्ट बांध," मी म्हटलं.

"बांधते. मोजेही दोन-दोन घालते."

"मग पुढे अजून थोडा कापूस भर. आणि सराव वाढव. सराव कमी पडतोय तुझा."

थोरलीने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मलमाची डबी बंद केली. मुलं आपलं म्हणणं मध्येच गिळतात तेव्हा आपला मुद्दा पटला, असं आईबापांना वाटतं. मलाही वाटलं.

इथे एक सांगून टाकते. थोरलीसाठी सहा नंबर मी घाऊकवाल्याकडून वेगळा मागवत होते. तो दुकानात मांडत नव्हते, म्हणजे समोरच्यांशी ठरलेलं मोडलं असं कोणी म्हणू नये. बूटवालीच्या मुलीने बुटांसाठी रस्ता ओलांडायचा हे काही मला शोभलं नसतं. इतर आयांना मी जे सांगते ते इतर आयांसाठी.

बुधवारी दुपारी गर्दी नव्हती. मी काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होते. मुलांच्या दुकानात हे काम संपत नाही. पुसता पुसता समोर बघितलं. समोरच्यांच्या दुकानात, खिडकीला लागून असलेल्या बाकावर थोरली बसली होती. बूट काढलेला, पाय पट्टीवर, आणि समोरचे गुडघा टेकून तिच्यापुढे वाकलेले. शेजारचा किल्लीवाला ते बघत होता आणि मी बघतेय हेही बघत होता.

पण मी फडकं थांबवलं नाही. त्या दिवशी ती काच जितकी लख्ख झाली तितकी कधी झाली नव्हती.

थोड्या वेळाने दोघं बाहेर आले. सिग्नलपाशी थांबले, रस्ता ओलांडला आणि सरळ माझ्याकडे आले. थोरलीच्या हातात पिशवी नव्हती.

"वहिनी," समोरचे म्हणाले, "गिऱ्हाईक परत आणलंय."

"का? पसंत नाही पडलं काही?"

"माझ्याकडे माप नाही तिचं."

"भिंतभर सहा नंबर लावलेत तुम्ही. मला इथून दिसतात."

"सहा आहेत. पोरीचा पाय पाचचा आहे."

मी हसले. "अहो, गेली काही वर्षं ती सहाच घालते. मी स्वतः देते."

"द्याल हो. तुमची मुलगी, तुमचं दुकान. पण पाय पाचचाच आहे. चष्मा मी गेल्या महिन्यातच बदललाय."

मी थोरलीकडे वळले. "आणि तुला आईला विचारायचं सोडून पलीकडे जायला काय झालं होतं?"

"तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, थांब, वाढेल."

"असं मी कधी म्हटलं?"

"दर वेळी. मी वीस वर्षांची आहे, आई. आता मी कुठून वाढणार?" ती चिडली नव्हती. मला ते जास्त लागलं. "तू मला शेवटचं मोजलंस कधी?"

माझ्याकडे पायांबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. किल्लीवाल्याच्या तिन्ही मुलांची मापं मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. थोरलीचं शेवटचं माप शाळेत असतानाचं, एवढं आठवलं. त्यानंतर मी तिच्या पायाकडे बघितलंच नव्हतं. मी तिच्या डोक्याकडे बघत होते. डोकं चौकटीकडे चाललं आहे, मग पाय मागे कसा राहील, असा मी मनाशी सरळ गुणाकार केला आणि नंबर वाढवून टाकला. घरचं गिऱ्हाईक असलं की माणूस पट्टी काढत नाही.

"बस," मी म्हटलं.

माझ्या दुकानातली स्टुलं लहान आहेत. ती बसली तर गुडघे हनुवटीपाशी आले. समोरचे निघून जातील असं वाटलं होतं, पण ते दाराला टेकून उभे राहिले. मी तिचा बूट काढला. पुढे कापसाचा दाबून दाबून घट्ट झालेला गोळा होता, टोकाच्या आकाराचा. मोजे दोन. टाचेवर एक जुना फोड आणि त्याच्या शेजारी नवा. मी पाय पट्टीवर ठेवला, फळी सरकवली. पाच. मी तो पाय उचलून परत ठेवला. पाय ऐकेना. पाचच.

"दुसरा बघा," समोरचे म्हणाले. "एखादा पाय मोठा असतो कधीकधी."

"मला शिकवू नका," मी म्हटलं आणि दुसरा बघितला. तोही पाच.

मागच्या फळीवरून मी शाळेच्या खेळाच्या तासाचे काळे बूट काढले. कापडी, नाडीचे, रबरी तळाचे. तिला चाचणीसाठी असेच चालणार होते, पण मुलांचे बूट म्हणून तिने त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं आणि मी दाखवले नव्हते. चढवले, नाडी बांधली आणि सवयीने अंगठा टोकावर गेला. जागा नव्हती. कापडाखाली थेट तिचं बोट होतं आणि ते जरासं हललं.

"अर्धा नंबर जर—"

"आई."

"मी कुठे काय म्हटलं?"

ती दारापर्यंत गेली, परत आली, चवड्यांवर उभी राहिली, मग जागच्या जागी दोन उड्या मारल्या. फळीवरचे लहान मुलांचे बूट थरथरले.

"हा बूट माझ्याबरोबरच येतो," ती म्हणाली.

"मग बूट दुसरं काय करतो?"

"मला वाटायचं, बूट थोडा नंतर येतो. सगळ्यांचाच."

मी खोका घडी करून ठेवला. मग समोरच्यांकडे बघून म्हटलं, "तुम्हाला सहाचा खपवता आला असता की तिला."

"कापूस भरून? ती तुमच्या दुकानाची खासियत, वहिनी. आपण दुसऱ्याच्या धंद्यात पडत नाही." एवढं बोलून त्यांनी काढता पाय घेतला.

संध्याकाळी जेवताना धाकट्याने सगळं नवऱ्याला रंगवून सांगितलं. त्याला कोणी सांगितलं, तर किल्लीवाल्याने. नवऱ्याने शांतपणे घास संपवला.

"कवळी कधी वाढत्या मापाची करत नाहीत," तो म्हणाला.

"तुमची गिऱ्हाइकं सगळी वाढून झालेली असतात."

"तेच म्हणतोय मी."

"बोला, बोला. आज सगळ्यांचा दिवस आहे."

"आई, माझंही माप घे," धाकटा टेबलाखालून पाय बाहेर काढत म्हणाला. "मी बहुतेक तीनचा असेन आणि तू मला आठचे देत असशील."

त्याचं माप मी त्याच रात्री जेवण झाल्यावर घेतलं. बरोबर निघालं. तेवढी एक जमेची बाजू.

गुरुवारी आणि शुक्रवारी थोरलीने सरावातून येऊन काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नाडी घट्ट बांध, जेवून जा, वर गेल्यावर खाली बघू नको, अशी बरीच वाक्यं जिभेपर्यंत आली आणि परत गेली. शनिवारी दुकानाला अर्धा दिवस सुट्टी दिली. दारावरची पाटी उलटवताना समोर बघितलं, तर समोरचेही पाटी उलटवत होते. "मला काम आहे जरा," ते म्हणाले. मग चाचणीच्या मैदानावर शेवटच्या बाकावर ते मला हे काम करताना दिसले.

मनोरा राखाडी रंगाचा, खिडक्यांना काचा नसलेला. शिडी त्याला टेकवलेली, खाली दोन जवान तिला धरून उभे. माझ्या शेजारी एक आई बसली होती. तिने मुलाच्या तीन पाण्याच्या बाटल्या मांडीवर धरल्या होत्या.

"तुमची कोणती?" तिने विचारलं.

"ती उंच. काळे बूट."

"छातीवर कितवा नंबर?"

"छातीवरचा बघितला नाही. पायात पाच."

शिट्टी झाली. लोक चढणाऱ्याचे हात बघतात, मी टाचा बघत होते. उजवी टाच उठली, बूट तिच्याबरोबर उठला. डावी उठली, बूट उठला. मधल्या पायरीपाशी, जिथे सरावात ती घसरायची, तिथे तिचा पाय क्षणभर थांबला. माझा अंगठा मुठीत वळला. पाय पुढच्या पायरीवर पडला, तिथे पक्का बसला आणि मग ती न थांबता चढत गेली. कठड्याला हात लागला तेव्हा शेजारणीने माझा दंड दाबला. उतरताना ती चढतानापेक्षा भरभर उतरली. खाली येऊन तिने आधी घड्याळवाल्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. घड्याळवाल्याने होकारार्थी मान डोलावली. मी बाकावरून उठले नाही, कारण उठले असते तर काहीतरी सल्ला दिला असता.

उत्तीर्ण झालेल्यांची यादी तासाभरात लागली. त्यांना लगेच भांडारात पाठवलं, गणवेशाची मापं द्यायला. आईबापांनी बाहेर थांबायचं होतं. पण भांडाराची खिडकी उघडी होती आणि आईबाप सगळे खिडकीपाशीच थांबले होते.

भांडारवाल्याने थोरलीला नखशिखांत बघितलं. "बूट? सात देऊ?"

"पाच."

"एवढ्या उंच मुलीला पाच? पाच शिल्लक नाहीत. सहा घ्या. जाड मोजे घाला, बसतो पाय."

"नाही," थोरली म्हणाली. "पाच मागवा. येईपर्यंत मी हेच घालीन."

"अहो, मुलांचे आहेत हे."

"हो. मला बसतात."

भांडारवाल्याचं समाधान झालं नाही. अशा वेळी सगळे दुकानदार जे करतात तेच त्याने केलं. मुलीला सोडून खिडकीबाहेर आईकडे बघितलं. मीही आयुष्यभर असंच बघत आले आहे.

"ताई, तुम्ही सांगा. सहा चालतील ना?"

थोरली मागे वळली नाही, पण तिचा कान इकडे होता.

"पट्टी आहे ना तुमच्याकडे?" मी म्हटलं. "मोजून घ्या. मीसुद्धा बुधवारीच मोजलाय."