वाकड्या दांडीची कबुली

मी एक जुना तराजू आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर, काचेच्या पेटीत राहतो. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. आयुष्यभर माणसांचे हात इतके जवळून पाहिल्यावर दुसरे काय होणार?

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. माझी दांडी त्याने आठवडाभर घासली आणि शेवटी पारड्यात स्वतःच्या डोक्याचा एक केस ठेवून पाहिला. काटा हलला तेव्हा तो हसला. इथे आल्यावर पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. मला मऊ ब्रशने पुसत. माझ्याजवळ कोणी शिंकतही नसे.

मग एकदा पुसण्यासाठी दांडी बाहेर काढलेली असताना एका विद्यार्थ्याचे कोपर लागले आणि ती फरशीवर पडली. किंचित वाकली. त्याने इकडेतिकडे पाहिले, दांडी जागेवर बसवली, टोकाचा स्क्रू फिरवून काटा मध्यावर आणला आणि पेटीचे दार लावून घेतले. तेव्हापासून रिकामा असताना मी अगदी साळसूद दिसतो. वजन पडले की खोटे बोलतो.

हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण माझ्याकडे कोणी पाहतच नव्हते. पितळी ठोकळ्याची घनता काढण्याचा प्रयोग दरवर्षी असतो. मुले पुस्तकातले उत्तर आधी लिहीत, त्यावरून उलटे गणित करून वजन ठरवत आणि मग माझ्यासमोर उगीच वाकून उभी राहत. ताईची वही भावाकडे जाई, भावाची त्याच्या मित्राकडे.

यंदा एक मुलगी आली. वर्गात तिला सगळे 'चौकशी' म्हणत. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर न सुटलेल्या प्रश्नांची यादी होती. कोपऱ्यातला नळ गळतो हे सर्वांना ठाऊक असून कोणीच का सांगत नाही? चूक करण्यापेक्षा ती कबूल करणे अवघड का जाते? आणि सगळ्यात खाली, माझेच उत्तर वेगळे का येते?

मला तिचाही संशय आला. म्हटले, नाचता येईना अंगण वाकडे. आता ही सगळे माझ्यावर ढकलणार. मी घाबरलो, कारण मित्रांनो, अंगण खरेच वाकडे होते. बिघडलेल्या वस्तू जिन्याखालच्या भंगारात जातात, हे मी पाहिले होते.

प्रात्यक्षिक परीक्षेतही तिने आपलेच वजन लिहिले. सरांनी तिची वही समोर ओढली. त्यांनी उत्तर चूक ठरवले असते तर तिचे वर्ष वाया गेले असते.

"इतकी वर्षं सगळ्यांचं उत्तर बरोबर येतंय," सर म्हणाले. "तुझंच कसं चुकतं?"

"सर, मलाही तेच कळत नाहीये. सगळ्यांचं बरोबर कसं येतं?"

तिने ठोकळा डाव्या पारड्यातून काढून उजव्यात ठेवला आणि वजने डावीकडे घेतली. ठोकळा तोच, वजन मात्र वेगळे. सर खाली वाकून माझ्या दांडीकडे बघत राहिले. मी त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखत होतो. ते कोपर त्यांचेच होते. इतकी वर्षे आम्ही दोघे, चोर चोर मावसभाऊ, एकाच खोलीत गप्प राहिलो होतो.

"ही माझ्या हातून पडली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तेव्हा इथेच, तुझ्यासारखाच विद्यार्थी होतो. सांगायचा धीर झाला नाही. आता हा तराजू भंगारातच टाकावा लागणार."

"कशाला, सर? कुठे चुकतो ते आता कळलंय. दोन्हीकडून तोलून सरासरी काढली की खरं वजन निघतं."

सरांनी तिच्या वहीत सही केली. माझ्या काचेवर आता त्यांच्या हातची चिठ्ठी आहे: 'दांडी वाकडी आहे. दोन्ही पारड्यांत तोला.' पडल्यापासून माझ्याविषयी लिहिलेली ही पहिली खरी गोष्ट.

मित्रांनो, वस्तू हातून पडतातच. पडली तर सांगा, एवढीच विनवणी. माझा संशयी स्वभाव मात्र गेलेला नाही. चिठ्ठी वाचून तुम्ही माझ्या काट्याकडे पाहता की शेजारच्याच्या वहीकडे, यावर माझे लक्ष आहे.