तात्या, दाबा

लेक रोज सकाळी सासरहून येते, असं द्वारकाबाई सांगायच्या तेव्हा नवख्या बाईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. सासर कऱ्हाटीचं, बारामतीच्या पलीकडे. माहेर अंथुर्ण्याचं, इंदापूर तालुक्यात. मधे गाडी बदलावी लागते. लेक रोज येणार कशी? मग द्वारकाबाई पदराला हात पुसत म्हणायच्या, "अवं, कॉम्प्युटरमदी येती."

आणि ती खरंच येत होती. अंथुर्ण्यात द्वारकाबाईंच्या नवऱ्याची, जोतीरामतात्यांची, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. लग्नाआधी तिथलं ऑफिस म्हणजे ही लेक, स्वरूपा. कुणाची मिरची बुक आहे, कुणाची कलिंगडं, कुणाची गाडी कधी येणार, सगळं तिच्या बोटांवर. तात्यांना पानाकडे बघून रोपाचं दुखणं कळायचं, पण कॉम्प्युटरपुढे ते परक्या घरच्या पाहुण्यासारखे अंग चोरून बसत. तिच्या लग्नानंतर एक माणूस ठेवून पाहिला. त्याने मिरचीचं बुकिंग कोबीत घातलं, तेव्हा त्याला हात जोडले. शेवटी जावई माऊली मदतीला आले. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला असल्यामुळे त्यांना यातलं कळत होतं. त्यांनी दोन्हीकडे एक ॲप टाकलं आणि अंथुर्ण्याचा कॉम्प्युटर कऱ्हाटीतून चालू लागला. स्वरूपाने तिकडे बटण दाबलं की इकडच्या प्रिंटरमधून बिल बाहेर.

फक्त एक अडसर होता. तिला आत यायचं असलं की इकडच्या पडद्यावर एक चौकट उघडायची, आणि इथल्या माणसाने तिच्यातलं हिरवं बटण दाबलं तरच पुढचं काम व्हायचं. त्यामुळे स्वरूपा आधी फोन करायची.

"तात्या."

"बोल."

"दाबा."

"दाबलं."

एवढंच. पण बापलेकीचं बोलणं आपल्याकडे असंच असतं. जेवलीस का, सासूबाई काय म्हणतात, अंग बरं आहे ना, हे सगळं आईच्या खात्यातलं. बापाने फोन करायचा तर काही काम लागतं. बिनकामाचा फोन गेला तर लेक घाबरते, घरी कुणाला काय झालं म्हणून. तात्यांना त्या हिरव्या बटणाने रोजचं काम मिळवून दिलं होतं. रोपांवरचं पाणी लवकर आटोपून, हात धुऊन ते फोन यायच्या कितीतरी आधी खुर्चीत बसलेले असत.

बटण दाबलं की पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागायचा. "मी आत असताना तुमी माऊसला हात लावायचा न्हाय. दोघांची वढावढ व्हती," असं स्वरूपाने बजावलं होतं. तात्या मांडीवर हात ठेवून बघत राहायचे. लेक घरात वावरायची तसाच तो बाण हिंडायचा, एक काम करता करता दुसरं उचलत. आणि काम संपल्यावर एक गोष्ट रोज व्हायची. सगळं बंद झालं की मागचा फोटो दिसायचा. नर्सरीचं शेडनेट उभं राहिलं त्या दिवशी तिघांनी काढलेला. बाण त्या फोटोवर यायचा. आधी द्वारकाबाईंच्या कपाळावर, मग तात्यांच्या टोपीवर. टोपीवर जरा जास्तच वेळ थांबायचा आणि मग जायचा. तात्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, द्वारकाबाईंनासुद्धा.

दिवाळीनंतर माऊली आले, ते भलं करायलाच आले होते.

"मामा, रोज तुमाला हितं ताटकळत बसाय लागतंय, मलाच कसं तरी वाटतं," असं म्हणत त्यांनी कॉम्प्युटरला एक पासवर्ड देऊन टाकला. आता चौकट नाही, बटण नाही. समोर कुणी नसलं तरी स्वरूपा थेट आत. "आता तुमी मोकळं," माऊली म्हणाले.

"बरं झालं," तात्या म्हणाले. जावयाला दुसरं काय म्हणणार?

तात्या मोकळे झाले आणि त्या मोकळेपणात त्यांचं मन लागेना. फोन वाजत नव्हता. खिशातून काढून बघितला तर रेंज असायची, चार्जिंग असायचं, नसायचा तो फक्त लेकीचा आवाज. बाण न सांगता यायचा आणि न सांगता जायचा. तात्या तरीही रोज जाऊन बसत होते. चार अक्षरांसाठी माणूस इतका कासावीस होतो, हे त्यांना स्वतःलाही खरं वाटलं नसतं.

मग ऑफिसात उंदीर झाला. इंटरनेटची वायर आपोआप निसटू लागली आणि स्वरूपाला फोन करणं भाग पडलं.

"तात्या, आत जाता येईना. वायर बघा बरं."

"बघतो. उंदरानं वढली वाटतं."

वायर बसवायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ फोन चालू राहायचा. वायर कधी कधी फारच अवघड जायची. द्वारकाबाई दोन-तीनदा दारात येऊन बघून गेल्या आणि एकदा जेवण वाढताना म्हणाल्या, "अवं, आपल्यातला उंदीर टोपी घालतो का?"

तात्यांनी ताटात मान घातली. पण स्वरूपाने उंदराचं नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. रविवारी माऊली आले, वायर भिंतीला खिळे मारून पक्की केली आणि कोपऱ्यात पिंजराही लावला. जावयासाठी पुरणपोळ्या झाल्या. उंदरानेही निमूटपणे दोन खाल्ल्या.

त्यानंतर उपाय राहिला नाही. कलिंगडाच्या रोपांचे दिवस आले, गाड्यांची रांग लागू लागली. बाण घाईने यायचा, घाईने कामं उरकायचा. तरी जाता जाता टोपीवर थांबायचा तो थांबायचाच.

एके दिवशी तो असाच थांबला आणि तात्यांचा हात मांडीवरून उठला. त्यांना काही करायचं नव्हतं. लहानपणी खांद्यावर बसली की स्वरूपा त्यांची टोपी धरून ठेवायची, ते त्यांना आठवलं होतं. हातावर हात ठेवावा तसा त्यांनी माऊसवर हात ठेवला. माऊस गार होता. पण हात टेकताच बाण टोपीवरून उडाला. घाबरून तात्या त्याला परत टोपीकडे आणू लागले, तर तो तिकडून ओढायला लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"तात्या, कॉम्प्युटरमदी कुनीतरी घुसलंय. बाण माझ्या हातातनं वढतंय. आदी वायर काढा."

वायर खिळ्यांनी ठोकलेली होती.

"अगं, मीच हाय," तात्या म्हणाले.

"तुमी? काय बघायचं व्हतं का?"

"न्हाय."

"मग काय करताय तितं?"

इथे एखादं काम सांगायला हवं होतं. तात्यांनी खोलीभर नजर फिरवली. प्रिंटर, पिंजरा, रिकामे ट्रे. काम काही सापडलं नाही.

"बसलोय," ते म्हणाले. "तू येतीस तवा मी हितंच असतो."

"कवापासनं?"

"रोजच."

पलीकडे कऱ्हाटीत कुणाची तरी शेळी ओरडत होती. स्वरूपाचा आवाज आला तो फार बारीक.

"म्हंजी मी फोटोवर थांबती, ते बी दिसतं तुमाला?"

"दिसतं की. माझ्या टोपीवर लई येळ थांबतीस."

"मला वाटायचं, हापिसात कुनी नसतंय," ती म्हणाली. "काम झालं तरी तितनं निघवत न्हाय वो, तात्या. लई आठवन येती."

मलाही, असं म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले आणि आयुष्यात कधी न काढलेला शब्द म्हातारपणी काढायची तात्यांना लाज वाटली. "बरं," ते म्हणाले, "ठेव मग."

तिने ठेवला. ठेवल्याबरोबर तात्यांना कळलं की आपण चुकलो. आता ती संकोचेल. काम करेल, बंद करेल आणि टोपीवर थांबायची नाही. होतं तेही आपण आपल्या हाताने घालवलं. दिवसभर ते कुणाशी धड बोलले नाहीत आणि टोमॅटोच्या एकाच वाफ्यावर दोनदा पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसकडे फिरकलेच नाहीत. शेडनेटमध्ये उगीच ट्रे इकडचे तिकडे करत राहिले. द्वारकाबाईंनी बाहेरूनच हाक मारली, "अवं, लेक यायची येळ झाली न्हवं? जावा की."

तात्या गेले. ओले हात सदऱ्याला पुसत खुर्चीत बसले. पडद्यावर बाण होता, पण हलत नव्हता. बाहेर रोपं भरलेला टेम्पो बिलासाठी उभा होता. बराच वेळ गेला. उद्यापासून इथे बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि उठायला टेबलाचा आधार घेतला.

तेवढ्यात पडद्यावर चौकट उघडली. तीच जुनी, हिरव्या बटणाची. पाठोपाठ फोन वाजला.

"तात्या."

"बोल."

"पासवर्ड काडून टाकला मी. माज्या ध्यानात ऱ्हात न्हाय, असं सांगितलंय ह्यास्नी. दाबा."

तात्यांनी बाण बटणावर नेला. बोट माऊसवर ठेवलं, पण दाबलं नाही. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"तात्या, दाबा की. गाडी खोळंबली असंल."

"खोळंबू दे," तात्या म्हणाले. "आदी सांग, जेवलीस का?"